पालथी करवंटी

द्वारके,

काल तुझं तेरावं झालं. चांगलं झालं असं सगळे म्हणाले. वड्यांना तेल कमी पडलं नाही, काळ्या वाटाण्याची आमटी पुन्हा पुन्हा वाढली, आणि तुझं नाव इतक्या वेळा घेतलं गेलं की तू असतीस तर म्हणाली असतीस, पुरे झालं, आमटी निवतेय.

मी जेवले नाही. बायकांच्या पंगतीत बसले होते, भात कालवला होता, तेवढ्यात तुमचे अण्णा खोत पडवीत उभे राहून तुझ्याबद्दल बोलायला लागले. ते काही जेवायला आले नव्हते. तुमच्या घरचं पाणीसुद्धा त्यांनी घेतलं नाही. त्यांच्या गड्यानं त्यांच्याच माडाचं शहाळं सोलून आणलं होतं. ते शहाळं पिऊन, तोंड पुसून ते म्हणाले की द्वारकाबाईनं गावासाठी देह ठेवला. देवीला गावाबाहेर न्यायला ती एकटी निघाली आणि देवीनं तिलाच पदरात घेतलं. म्हणून गावानं ठरवलं आहे की दरवर्षी तिच्या तिथीला तिच्या नावानं एक टोपली वाजतगाजत सीमेवर जाईल, आणि पऱ्याच्या काठी जांभ्याचा एक चौथरा बांधला जाईल.

सगळ्यांनी माना डोलावल्या. तुमच्या गुरवानं सगळ्यांत जास्त डोलावली. मी हात धुऊन उठले.

मला किळस आली. हा शब्द मी विचार करून लिहिते आहे. हगवण-उलटीनं आडव्या झालेल्या पटकीच्या माणसाचं अंथरूण मी माझ्या हातांनी धुतलं आहे. तेव्हा आली नव्हती.

तुला टोपलीचं सांगायला नको, पण हे कुठं छापून आलं तर वाचणाऱ्यांत मुंबईपुण्याचे लोक असतील, त्यांना सांगते. आमच्याकडे गावात रोगाची लाग झाली की ग्रामदेवीला कौल लावतात. कौल मिळाला की बांबूच्या टोपलीत खण, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, नारळ आणि दहीभात भरतात. म्हणजे देवीची ओटी भरून तिला निरोप द्यायचा. गुरव आणि मानकरी ती टोपली उचलतात, सीमेचा पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडतात, पलीकडच्या गावाच्या जमिनीत ठेवतात आणि मागं न बघता परत येतात. पलीकडच्या गावाला टोपली दिसली की तो गाव ती उचलून पुढच्या गावाच्या सीमेवर ठेवतो. असं करत करत ती खाडीला मिळते. आपल्या घरची घाण शेजाऱ्याच्या दारात लोटायची आणि तिला देवीची पाठवणी म्हणायचं, एवढाच त्याचा अर्थ मला लहानपणापासून दिसत आला. दहीभात कुत्री खातात, बांगड्या पाण्यात पडतात, आणि आजाऱ्याच्या चादरी त्याच पऱ्याच्या वरच्या अंगाला धुतल्या जातात. खालचे गाव तेच पाणी पितात. त्याबद्दल देवीला कोणी कौल लावत नाही.

तू वरच्या गावात पडलीस, मी खालच्या. माहेर आपलं एक, शाळा एक, चौथीपर्यंत पाटीही एकच, कारण तुझी तू फोडली होतीस. लग्नं झाली आणि मध्ये पऱ्या आला. तुमच्याकडची टोपली आमच्याकडे यायची. आमच्याकडची तुमच्याकडे कधीच नाही. पाणी वर चढत नाही आणि देवीही चढत नाही. यावरून मी तुला चिडवायचे की तुम्ही वरचे लोक नेहमी देणारे.

मानमोडीच्या तापाच्या साली तुझा घो गेला. ज्या गावात तो आजारी चुलत्याला डोलीत घालून आणायला गेला, त्या गावात आधीच घराघरांत माणसं आडवी पडलेली होती. कोणी सांगितलं नाही. सीमेवर टोपली नव्हती, माणूस नव्हता, काही नव्हतं. उलट त्याला चहा दिला. तू हे एकदाच बोललीस, माझ्या दुकानात, चिंचा सोलता सोलता, आणि शेवटी म्हणालीस, "चाय दिली गो त्यांनी त्याला." रडली नाहीस. मी तुझ्यापुढे आणखी चिंचा ओतल्या.

त्यानंतर तू जे करायला लागलीस त्याची गावानं थट्टा केली. सकाळी लोकांच्या दारात जायचीस आणि विचारायचीस, घरात सगळ्यांचं पोट बरं आहे ना. कोण किती वेळा परसाकडे गेलं, कुणाच्या गडग्यावर अवेळी चादर वाळते आहे, कुणाची सून पाण्याला गेली नाही. तुझ्या विहीणबाई पहिल्यांदा तुझ्या घरी आल्या आणि तू त्यांना बसायला पाट देण्याआधी त्यांच्या गावातल्या हगवणीची चौकशी केलीस. त्यांनी ते अजून विसरलेलं नाही. काल मला पुन्हा सांगितलं. तुमच्या वाडीतल्या पोरांनी तुझं नाव परसाकडची इन्स्पेक्टरीण ठेवलं होतं. ते तुला आवडलं होतं. खरी इन्स्पेक्टरीण असते तर घोड्यावरून फिरले असते, म्हणायचीस.

मी माझ्या परीनं दुकानातून बघायचे. एका वाडीतून लागोपाठ दोन घरांनी ओवा आणि जायफळ मागितलं की मी तिसऱ्याची वाट बघत नसे. पण माझं बघणं खालच्या गावापुरतं. रोग वरून यायचा, आणि वर काय चाललं आहे ते आम्हांला टोपली आल्यावर कळायचं. टोपली तर मसणातली राख गार व्हायला सवड मिळेनाशी झाल्यावर यायची. तोवर मानकरी एकमेकांची तोंडं बघत बसायचे, कारण पहिलं नाव कुणाच्या घराचं घ्यायचं हा मोठा प्रश्न. पोलीस पाटलाचा कागद तालुक्याला जाऊन दवाखान्यातून माणूस येईपर्यंत तर रोग दमून आपोआप गेलेला असायचा.

आपलं भांडण इथलं. तुला आठवतं, मला तर शब्द न् शब्द आठवतो. मी म्हणत होते की टोपली बंद करा. पहिला माणूस आजारी पडला की धडधाकट माणसाच्या तोंडी निरोप पाठवा, अमक्या वाडीत पटकी आहे, पाणी उकळून प्या. देवीला मध्ये कशाला आणायचं? त्या दहीभाताची मला घाण वाटते.

"तुला तिची घाण वाटते ना, वाटूं दे," तू म्हणालीस. "पण मी निरोप धाडला तर पहिलं काय विचारतील? कोण सांगतंय? द्वारकी? तिला काय कळतंय? भांडाया येतील माझ्याशी. टोपलीला कोण विचारतो गो, तू कोणाची कोण?"

मी म्हटलं, म्हणजे तू खोटेपणा चालू ठेवणार.

तू म्हणालीस, "मी टोपली वेळेवर चालू करणार."

आणि केलीस. गुरव तुझा चुलतदीर. त्याच्या पोटात शिरायचं कसं ते तुला ठाऊक होतं. तुझ्या हातचं तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं खाऊन तो कौल लवकर लावायला तयार झाला. पहिल्या आजाऱ्याला टोपली निघायला लागली. मानकऱ्यांना वाटलं देवी आता लवकर बोलते. मी तुला म्हटलं, देवी नव्हे, बांगडा बोलतो. तू हसलीस ते अजून ऐकू येतं.

पण टोपली एकाच रोगासाठी येत नाही. एका वर्षी ती गुरांच्या लाळीसाठी आली आणि आमच्या बायकांनी उगाच रासभर लाकडं जाळून पाणी उकळलं. पुढल्या वर्षी अंगावरच्या देवींसाठी आली, पुन्हा लाकडं गेली. तिसऱ्या खेपेला खरोखरच पटकीसाठी आली तेव्हा आमच्याकडे कोणी हंडा चढवला नाही. म्हणाल्या, असेल कुठंतरी रेडा खोकलेला. त्या वर्षी आमच्या वाडीतली माणसं गेली. मी पऱ्यावर येऊन तुला नको नको ते बोलले. तू ऐकून घेतलंस, मग माझ्याबरोबर दुकानात आलीस आणि खोबरेल मापायला ठेवलेली करवंटी उचलून फळीवर पालथी ठेवलीस.

"ही अशी असली म्हणजे पाणी," तू म्हणालीस. "पालथ्या करवंटीत पाणी रव्हत नाय. बाईमाणसाला आणखी काय सांगायचं?"

तेव्हापासून पटकीच्या टोपलीत दहीभातावर एक करवंटी पालथी असायची, आणि तिच्या पाठीवर तू ओढलेलं चुन्याचं बोट. कुणापासून लपवलेलं नव्हतं. टोपली भरतात सवाष्णी, करवंटी तू त्यांच्याकडे द्यायचीस, नेतात पुरुष, आणि पुरुषांनी त्यात वाकून कधी पाहिलंच नाही. पाहिलं तरी त्यांना वाटलं असेल की देवीला पाणी प्यायला दिली आहे.

ते एक वर्ष मला तुला पुन्हा आठवण करून द्यायचं आहे, कारण त्याबद्दल कुणीच तुझी पाठ थोपटली नाही. तुमच्या वरच्या वाडीत एकच बाई आडवी झाली आणि टोपली आली. आमच्या वाडीतल्या भागीनं करवंटी बघितली, डोक्यावरचं गवत तिथंच टाकून ती वाडीत धावली. संध्याकाळच्या आत घरोघर हंडे चुलीवर होते. मी टपालवाल्याच्या हाती दवाखान्यात चिठ्ठी दिली, तांबडं औषध आलं, विहिरी लालभडक झाल्या, आमच्याकडे कुणी आजारीसुद्धा पडलं नाही. पुढं साहेब आले आणि वेळेवर खबर दिल्याबद्दल त्यांनी पोलीस पाटलाला शाबासकी दिली. पाटलानं ती घेतली. मी धुसफुसत होते. तू म्हणालीस, शाबासकीनं काय पोट सुटत नाय, घेऊं दे त्याला.

तू असल्या गोष्टी सोडून द्यायचीस. मी सोडत नाही. म्हणून यंदाचं सगळं लिहिते.

यंदा वैशाखात अण्णा खोतांच्या मुलीचं लग्न. मांडव आठवडाभर आधी पडला होता, आमच्या खालच्या गावालाही घरटी आमंत्रण होतं. त्यातच बोटीनं मुंबईहून चाकरमानी आले. तुमच्या वाडीतला विठू रत्नागिरीच्या बंदरावर उतरून चालत घरी आला आणि दुसऱ्या दिवशी त्याला सुरू झालं. घरचे म्हणाले, फणस बाधला. फणसाचे दिवस होते आणि मुंबईहून आलेला माणूस आल्या आल्या गऱ्यांवर तुटून पडतो, तेव्हा ते कुणालाही पटलं असतं. मग त्याच्या आईला झालं. तिनंही म्हणे फणसच खाल्ला होता. मग शेजारच्या म्हाताऱ्याला, ज्याच्या तोंडात दात नाहीत आणि ज्यानं कित्येक वर्षांत गरा चावलेला नाही. त्यालाही फणस बाधला. तुमच्या गावानं तेवढ्या दिवसांत फणसाला जेवढी नावं ठेवली तेवढी पटकीला आजवर ठेवली नसतील.

तू गुरवाकडे गेलीस. बांगडा नेला होतास की नाही मला माहीत नाही, पण या वेळी तो बधला नाही. म्हणाला, अण्णांकडचं लगीन झाल्याबिगर कौल लावायचा नाही, तसा सांगावाच आहे. त्याचंही खरं. सीमेवर टोपली बसली की खालच्या गावचा माणूस पऱ्या ओलांडत नाही, आणि मग पंगतीला बसणार कोण?

मग तू खोतांच्या मांडवात गेलीस. हे मला तुझ्या सुनेनं, शेवंतीनं सांगितलं. ती तुझ्या मागं उभी होती. खोत म्हणाले, द्वारके, माझ्या मुलीच्या मांडवात तू पटकी सोडायला निघालीस?

तू विचारलंस, "अण्णा, पाव्हण्यांना पाणी कुठलं पाजणार तेवढं सांगा."

ते म्हणाले, कुठलं म्हणजे, मोठ्या विहिरीचं.

"तिच्यावरच विठूच्या आयशीच्या चादरी धुतल्यात," तू म्हणालीस. "मी पाहिलंय."

त्यांनी गड्याला सांगून तुला बाहेर काढलं. ओढून नव्हे, आपल्या माणसांत रीत आहे. हातावर नारळ ठेवून बाहेर काढलं.

तोच नारळ तू टोपलीत घातलास. हे शेवंतीनं सांगितलं तेव्हा मला तशातही हसू आलं. खण तुझ्या पेटीतला होता, सुवासिनीपणातला, इतकी वर्षं घडी न मोडलेला. बांगड्या शेवंतीनं हातातल्या उतरवून दिल्या. आणि वर करवंटी, पालथी, चुन्याचं बोट ओढलेली. भर दुपारी, डोक्यावर टोपली घेऊन, एकटी पऱ्यापर्यंत चालत आलीस. ओटी भरलेली देवीची टोपली आजवर कुणा बाईनं उचलली नव्हती, आणि विधवेनं तर तिला हातही लावायचा नसतो. तू ते जाणून होतीस. शेवंती तुला अडवत होती तेव्हा तू म्हणालीस म्हणे, मला आता आणखी काय व्हायचं राहिलंय?

पऱ्यावर आमचा पहिला मानकरी गावकर आणि त्याच्याबरोबरचे लोक अहेर घेऊन लग्नाला निघालेले. तू टोपली आमच्या बाजूला ठेवलीस. गावकरानं विचारलं, कौल झाला काय, गुरव कुठं आहे? तू म्हणालीस, कौल मीच लावला, वर पटकी हाये, माघारी जावा आणि पाणी उकळून प्या. तू तोंडानं सांगितलंस, द्वारके. जे मी इतकी वर्षं तुला करायला सांगत होते तेच तू केलंस. टोपलीही नेलीस आणि निरोपही दिलास. दोघींचंही म्हणणं एकदम त्यांच्यापुढे ठेवलंस.

दोन्ही त्यांनी घेतली नाहीत. गावकर म्हणाला, "रांडावलेल्या बाईच्या हातची ओटी देवी घेत नाय. ही देवी नव्हेच." आणि काठीनं टोपली ढकलत ढकलत पऱ्यात लोटली. काठीनं, कारण हात लावायची भीती होती. देवी नव्हती तर भीती कशाची, हे त्याला कोणी विचारलं नाही. मग सगळे जण धोतरं वर खोचून त्याच पाण्यातून पलीकडे गेले आणि मांडवात जाऊन बसले.

मला याचीच सगळ्यांत जास्त घृणा येते. अडाणीपणाची मला सवय आहे, मी दुकानदार आहे. देवीला घाबरणारा माणूस मला समजतो. पण मरणाची खबर दारात आल्यावर ती कुणाच्या हातून आली, कोणत्या विधीनं आली, रीतसर आली की नाही हे तपासत बसणारा माणूस मला समजत नाही. विहिरीत पडलेल्या पोराला काढण्याआधी हे लोक दोरी कुणी वळली ते विचारतील.

आता तुला माहीत नसलेलं सांगते.

टोपली बुडाली. पण करवंटी बुडत नाही, द्वारके. ती तरंगत खाली आली. खालच्या वळणावर भागी धुणं धूत होती. करवंटी तिच्या दगडाला येऊन लागली. ती पाण्यात उलटी होती की सुलटी ते भागीला सांगता येत नाही, पण चुन्याचं बोट अर्धं शिल्लक होतं, आणि पाठोपाठ हिरवी बांगडी अडकलेला खणाचा तुकडा आला. भागी पिळे तिथंच टाकून ओल्या लुगड्यानं दुकानात आली आणि करवंटी माझ्यापुढे ठेवली. मी दुकानाला फळ्या लावल्या.

आमच्या वाडीतल्या बायका आणि मुलं त्या दिवशी लग्नाला गेली नाहीत. नव्या साड्या नेसून तयार बसलेल्या होत्या, त्यांनी त्या सोडून ठेवल्या आणि चुली पेटवल्या. मुलं लाडवांसाठी रडली. पुरुष आधीच पुढं गेले होते. जे पंगतीला जेवले त्यांतले काही जण घरी येऊन आडवे झाले, गावकराचा सख्खा भाऊ त्यातच गेला. पण आम्ही त्यांच्या चादरी पऱ्यावर जाऊ दिल्या नाहीत, मी स्वतः परसात खड्डा करून उकळत्या पाण्यात धुतल्या, आणि विहिरीकडे कुणाला फिरकू दिलं नाही. दवाखान्यातलं तांबडं औषध आलं. आमच्या वाडीतलं एकही मूल आजारी पडलं नाही.

ते तुला सांगायला मी निघाले. तू विठूच्या आईच्या उशाशी बसलीस, तिला सावरलंस आणि स्वतः पडलीस, एवढं कानावर आलं होतं. पाखाडीच्या पायऱ्या चढताना मी पिशवीत ती करवंटी घेतली होती. तुझ्यापुढे पालथी ठेवून म्हणणार होते, घे, इन्स्पेक्टरीण. वर पोचले तेव्हा तुला नेलेलं होतं. पटकीच्या माणसाला ठेवत नाहीत. तुझ्या मुलाला, सदूला, मुंबईत तार पोचायच्या आतच सगळं उरकलं होतं.

शेवंती ओसरीच्या पायरीवर बसली होती. हातात बांगड्या नव्हत्या. मी विचारलं, शुद्धीत होती का? ती म्हणाली, शेवटपर्यंत होत्या. पाणी मागत होत्या आणि मध्येच म्हणत होत्या, टोपली बुडाली, आता खाली येसूला कळायचं नाय.

मी रडणारी बाई नाही, तुला ठाऊक आहे. मला राग आला. तुझाही आला. एवढा भरवसा त्या टोपलीवर, आणि आपल्याच करवंटीवर नाही?

काल अण्णा खोतांनी वार्षिक टोपलीचं जाहीर केलं तेव्हा मी हात पुसत पडवीत गेले. बायकांनी मला आवरलं नाही. मी म्हटलं, अण्णा, गावात कोणी आजारी नसताना वाजत गाजत टोपली आली, आणि दरवर्षी आली, तर खरी येईल तेव्हा आम्ही ती ओळखायची कशी? तिच्या टोपलीचा सण केलात तर ती निकामी होईल. तिला मान द्यायचा असेल तर पहिला माणूस आजारी पडला की फणसाचं नाव घेऊ नका, एवढंच करा.

खोत हसले. माझ्याकडे बघून, लहान मुलीला समजवावं तसे म्हणाले, "येसूबाई, ही भक्तीची गोष्ट आहे. दुकानदारीची नव्हे."

आणि लोक हसले. तुझ्या तेराव्याला, तुझ्या पडवीत. आमचा गावकर, डोकं भादरलेला, भावाचं सुतक नुकतंच फिटलेला, तोही हसला; मग उठून म्हणाला की दरवर्षी खालच्या गावाच्या वतीनं ती टोपली फेटा बांधून तो स्वतः उतरून घेईल. म्हणे, आमच्या वाडीवर यंदा देवीची कृपा झाली ती त्यानं अपवित्र टोपली वेळीच परतवली म्हणून. हे तो सगळीकडे सांगत फिरतो. काठी त्याच्या हातात होती. तीच काठी.

बोलून उपयोग असता तर तू जिवंत असतीस.

मागच्या दारी गेले. शेवंती राखेनं मोठी टोपं घासत होती. मी पदर खोचला आणि तिच्यासमोर बसले. दोघी मिळून भांडी घासू लागलो. पडवीतून चौथऱ्याला दगड कुणाच्या खाणीतले आणायचे यावरचा वाद ऐकू येत होता. शेवंती खाली बघूनच म्हणाली, "मावशी, त्या दरवर्षीच्या टोपलीत करवंटी घालायची नाय ना?"

मी तिच्याकडे बघितलं. तिची मान वर झाली नाही.

"नाही," मी म्हटलं.

"टोपली भरायला मीच बसणार. खण, नारळ, काय सांगतील ते भरीन. वाजतगाजत नेऊं देत."

"आणि कोणी आजारी पडलं तर?"

"पडलं तर त्यांच्या वाजंत्रीची वाट बघायची नाय. करवंटी पऱ्यात सोडीन," ती म्हणाली. "टोपली कशाला व्हयी? तरंगते ती."

द्वारके, आपलं एवढ्या वर्षांचं भांडण तुझ्या सुनेनं टोप घासता घासता मिटवलं. टोपली नको म्हणणारी मी, टोपलीवाचून कोणी ऐकणार नाही म्हणणारी तू. ना तुझं खरं झालं ना माझं. मला याचा किती आनंद झाला ते मी तिला कळू दिलं नाही. एवढंच म्हटलं की चुना जरा जाड ओढ, पाण्यात निम्मा जातो.

पिशवीतली करवंटी मी तिच्या हातात दिली. तिनं ती पदरानं पुसली, आत गेली आणि चुलीमागच्या फळीवर पालथी ठेवली.

ती पोचली होती गं. एवढंच तुला सांगायचं राहिलं होतं.